मशीद पाडली गेली, कबरी कुठे गेल्या?

प्रार्थनास्थळाची इमारत पाडली जाते तेव्हा विटा, लाकूड आणि जमीन यांचा हिशेब लगेच होतो. पण त्या इमारतीच्या आश्रयाने ज्यांची आठवण जपली जात होती त्या माणसांचा हिशेब कोण करतो? इंग्लंडमध्ये हा प्रश्न वारंवार पडलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या बहुतेक चर्चमध्ये त्या त्या वस्तीतील मृत सैनिकांच्या नावांच्या पाट्या लागल्या. पुढे वस्त्या हलल्या, चर्च ओस पडली, कित्येक पाडली गेली. पाट्या कधी शेजारच्या चर्चमध्ये गेल्या, कधी एखाद्याच्या गोदामात, तर कधी थेट भंगारात. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमने १९८९ मध्ये अशा स्मारकांची देशव्यापी नोंद करायला सुरुवात केली. कोणती पाटी मूळ कुठे होती आणि आता कुठे आहे, याचा शोध तिथले स्थानिक अभ्यासक आजही घेत असतात.

आम्ही इथे मांडणार आहोत ती हकीकत याच जातीची आहे. फरक इतकाच की ही इमारत चर्चची नव्हती, मशिदीची होती. आणि तिच्याभोवती जे मेले त्यांत आपल्या हिंदुस्थानचे लोक होते. आम्ही जर्मनीला गेलेलो नाही. हा शोध नोंदी, नकाशे आणि इतिहासकारांचे लेखन यांच्या आधाराने घेतलेला आहे. परंतु शाळेत इतिहास शिकवताना पहिल्या महायुद्धाचा धडा आला की ‘यात आपले कोण होते?’ हा मुलांचा प्रश्न ठरलेला असतो. त्या प्रश्नाचे एक उत्तर या हकीकतीत आहे.

बर्लिनच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर झोसेन नावाचे गाव आहे आणि त्याच्या लगत व्युन्सडॉर्फ. व्युन्सडॉर्फमध्ये एका रस्त्याचे नाव ‘मोशेश्त्रासे’ असे आहे. त्याचा अर्थ मशीद रस्ता. त्या रस्त्यावर मशीद मात्र नाही.

तिथे मशीद कशी आली हे समजण्यासाठी १९१४ पर्यंत मागे जावे लागते. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि इंग्रज सरकारने हिंदी फौज युरोपकडे रवाना केली. लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन मुंबई आणि कराची बंदरांतून निघाल्या. २६ सप्टेंबर १९१४ रोजी पहिल्या तुकड्या फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरल्या. पंजाब, सरहद्द, गढवाल, नेपाळ, राजपुताना अशा अनेक भागांतील माणसे त्यांत होती. आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीच्या दोन कंपन्याही होत्या. त्यांत मराठे, मुसलमान, शीख एकत्र होते. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल या फ्रेंच खेड्यावर ४७ व्या शीख पलटणीबरोबर या खडकीच्या कंपन्यांनी हल्ला केला. घराघरातून, हातघाईची लढाई झाली आणि दोन्ही कंपन्यांची भयंकर हानी झाली. खंदक खोदणे, पूल बांधणे हे ज्यांचे काम, त्यांना पायदळ म्हणून पुढे काढण्यात आले होते.

उष्ण देशातील ही माणसे फ्लँडर्सच्या चिखलात आणि बर्फात उभी राहिली. काही मेली, काही जखमी झाली, काही शत्रूच्या हाती लागली. फ्रेंच फौजेतून अल्जीरिया, ट्युनिशिया, मोरोक्कोचे मुसलमान आणि रशियन फौजेतून तातार मुसलमानही असेच जर्मनांच्या कैदेत आले. इथून जर्मनीचा हिशेब सुरू होतो.

कैसर दुसरा विल्हेल्म १८९८ मध्ये दमास्कसला गेला होता. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांच्या कबरीला भेट दिल्यावर केलेल्या भाषणात त्याने जगातील ३० कोटी मुसलमानांचा आपण मित्र असल्याचे जाहीर केले होते. त्या मैत्रीचा उपयोग आता करायचा होता. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले. नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून इंग्लंड, फ्रान्स, रशिया यांच्याविरुद्ध जिहादची घोषणा झाली. मॅक्स फॉन ओपनहाइम या पौर्वात्य विद्येच्या जाणकाराने बर्लिनच्या परराष्ट्र खात्यात त्यासाठी प्रचाराची एक कचेरीच उघडली. शत्रूच्या ताब्यातील मुसलमान प्रजेला बंडाला उभे करायचे, ही कल्पना. मग हाती आलेल्या मुसलमान कैद्यांना वेगळे ठेवून त्यांचे मन वळवणे हे ओघानेच आले.

यासाठी दोन छावण्या झाल्या. झोसेनजवळच्या छावणीत मुख्यतः तातार होते. व्युन्सडॉर्फच्या छावणीत उत्तर आफ्रिकेचे आणि हिंदुस्थानचे कैदी होते. हिंदुस्थानचे म्हणजे केवळ मुसलमान नव्हेत, त्यांत हिंदू, शीख, गुरखेही होते. या दुसऱ्या छावणीचे नाव ‘हाल्बमोंडलागर’, म्हणजे अर्धचंद्र छावणी.

या छावणीत १९१५ च्या उन्हाळ्यात लाकडी मशीद उभी राहिली. घुमट, सुमारे २३ मीटर उंचीचा मिनार आणि जेरुसलेमच्या कुब्बतुस्सखराची आठवण करून देणारी घडण. १३ जुलै १९१५ रोजी, रमजानच्या आरंभी, ती नमाजसाठी खुली झाली. जर्मनीच्या भूमीवर नमाजसाठी मुद्दाम बांधलेली ही पहिली मशीद मानली जाते. आलिमजान इद्रिस नावाचे तातार विद्वान या छावण्यांमध्ये इमामाचे काम पाहत. जनावर आपल्या पद्धतीने जबह करण्याची मुभा होती, रोजे होते, ईद होती. ‘अल-जिहाद’ नावाचे वर्तमानपत्र कैद्यांसाठी निघे आणि हिंदी कैद्यांसाठी ‘हिंदोस्तान’ हे पत्र उर्दू आणि हिंदीतून. बर्लिनमधील हिंदी क्रांतिकारकांच्या समितीची माणसे, त्यांत भोपाळचे मौलवी बरकतुल्लाहही होते, कैद्यांना भेटून देशासाठी इंग्रजांविरुद्ध उभे राहण्याचे आवाहन करीत.

आता प्रश्न असा की या मशिदीकडे आपण कसे पाहायचे? ती कोणी इबादतीच्या ओढीने बांधली नव्हती. तो युद्धखात्याचा खर्च होता, तोफगोळ्यांचा असतो तसाच. तिची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापून जगभर फिरवण्यात आली. जर्मनी मुसलमानांना कसे सन्मानाने वागवतो, हे दाखवण्यासाठी. हे सारे खरे. पण तिच्या फळ्यांवर ज्यांनी कपाळ टेकले त्यांचा सिजदा खोटा नव्हता. हजारो मैलांवर, तारेच्या कुंपणात, ज्याला घरी जाण्याची आशा नव्हती त्याने मागितलेली दुआ कोणत्या खात्याच्या पैशाने बांधलेल्या छताखाली मागितली, यावरून तिची किंमत ठरत नाही. बांधणाऱ्याची नियत वेगळी आणि नमाजीची वेगळी. हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे स्मारकांच्या बाबतीतही तोच लागू होतो.

प्रचाराला यश किती आले? फारसे नाही. उत्तर आफ्रिकेचे आणि तातार कैदी काही प्रमाणात तुर्की फौजेकडे गेले. हिंदी कैद्यांपैकी फारच थोडे तयार झाले. माणसे सरळ रेषेत चालत नाहीत हे दोन आफ्रिदी भावांच्या गोष्टीवरून दिसते. जमादार मीर मस्त हे ५८ व्या रायफल्स पलटणीचे. मार्च १९१५ च्या आरंभी ते आपल्या काही साथीदारांसह खंदक ओलांडून जर्मनांकडे गेले आणि पुढे याच छावणीत आले. त्यांचे भाऊ जमादार मीर दस्त यांनी २६ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या लढाईत, विषारी वायूच्या माऱ्यात, जखमी साथीदारांना उचलून आणले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एकाच घरातील दोन भाऊ, दोन महिन्यांच्या आत, एक ‘फितूर’ आणि दुसरा ‘निष्ठावान’. दोघेही ज्या सरकारसाठी लढायला निघाले होते ते दोघांचेही नव्हते, ही गोष्ट या दोन्ही शब्दांत कुठेच येत नाही.

या छावणीतून आणखी एक विलक्षण ठेवा मागे राहिला. जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवले. हे काम विल्हेल्म डोगेन यांच्या देखरेखीखाली चाले. शेकडो भाषा आणि बोली त्यांनी जमवल्या आणि तो संग्रह आजही बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहे. ११ डिसेंबर १९१६ रोजी माल सिंग नावाच्या पंजाबी शिपायाचा आवाज असाच नोंदला गेला. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खात होता, आता जर्मनांच्या हाती पडला आहे आणि त्याला घरी जायचे आहे, अशा अर्थाचे काही तो सांगतो. स्वतःचीच गोष्ट, पण दुसऱ्याची असल्यासारखी. अभ्यासकांना त्याच्याकडून भाषा हवी होती. त्याने मात्र निरोप ठेवला. त्या संग्रहातील अशा आवाजांवर फिलिप शेफनर यांनी २००७ मध्ये एक चित्रपटही केला.

घरी जाणे अनेकांच्या नशिबी नव्हते. हिवाळा आणि क्षयासारखे फुफ्फुसाचे विकार यांनी हिंदी कैदी खचत गेले. अखेर १९१७ मध्ये हवामान सोसवेल म्हणून हिंदी आणि उत्तर आफ्रिकी कैद्यांपैकी बहुतेकांना रुमानियात हलवण्यात आले. तोवर जे गेले त्यांना जवळच्या झेरेन्सडॉर्फ येथील कबरस्तानात जागा मिळाली. त्यांत २०६ जण हिंदी फौजेचे. सोबत तातार आणि आफ्रिकेचे मुसलमान.

इथे दुसऱ्या बाजूचीही नोंद घ्यावी लागते, नाहीतर न्याय होणार नाही. इंग्लंडमध्ये उपचारादरम्यान मरणाऱ्या मुसलमान सैनिकांचे दफन रीतीने होत नाही असा प्रचार जर्मनीने चालवला. त्याला उत्तर म्हणून इंग्रज सरकारने वोकिंग येथे, १८८९ मध्ये बांधलेल्या शाहजहान मशिदीपासून जवळच, मुसलमान सैनिकांसाठी कमानी आणि घुमटाचे वेगळे कबरस्तान बांधले. तिथेही कबरी खऱ्या होत्या आणि हेतू राजकारणाचा. पुढे त्या जागेची नासधूस होऊ लागली. १९६८-६९ मध्ये तिथले मृतदेह ब्रुकवूडच्या लष्करी दफनभूमीत हलवण्यात आले. ओस पडलेल्या त्या आवाराची दुरुस्ती होऊन तिथे २०१५ मध्ये शांततेची बाग झाली. म्हणजे दोन्ही साम्राज्यांनी आमच्या मृतांचा सन्मान केला, पण तो एकमेकांना दाखवण्यासाठी. दाखवायचे कारण संपले आणि सन्मानही मागे पडला.

व्युन्सडॉर्फला तसेच झाले. १९१८ मध्ये जर्मनी हरला. काही वर्षे बर्लिनच्या परिसरातील मुसलमान आणि मागे राहिलेले तातार निर्वासित ती मशीद वापरत राहिले. पण घाईने उभारलेल्या लाकडी इमारतीची देखभाल करणार कोण? १९२४ मध्ये ती धोकादायक म्हणून बंद झाली आणि त्यानंतर काही वर्षांत पाडली गेली. कोणी निदर्शने केली नाहीत, कोणाला राग आला नाही. ज्यांची ती होती ते मरून गेले होते किंवा आपापल्या देशी परतले होते.

कबरस्तानाची गोष्ट त्याहून लांबली. हा सारा परिसर लष्कराचाच होता. दुसऱ्या महायुद्धात व्युन्सडॉर्फला जर्मन लष्कराच्या मुख्यालयाचे भूमिगत बंकर होते. १९४५ नंतर तिथे सोव्हिएत फौज आली आणि पूर्व जर्मनीतील सोव्हिएत सैन्याचे मुख्य ठाणे तिथे झाले. सामान्य जर्मन माणसालाही तिथे पाऊल ठेवता येत नसे. झेरेन्सडॉर्फचे कबरस्तान सरावाच्या मैदानात सापडले. कबरींची जबाबदारी ज्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे होती, त्यांना तिथे देखभाल करणे अशक्य झाले.

मग काय करायचे? कबर राखता येत नसेल तर निदान नाव राखायचे. १९६४ मध्ये कमिशनने या मृतांची नावे कोरलेला कांस्याचा फलक तयार केला आणि तो फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे बसवला. होय, तेच खेडे, जिथे खडकीच्या सॅपर्सनी घराघरातून लढाई केली होती. मार्च १९१५ च्या मोठ्या लढाईत हिंदी फौजेने तिथे पुन्हा रक्त सांडले, म्हणून हिंदी सैनिकांचे फ्रान्समधील मुख्य स्मारक तिथेच झाले. हर्बर्ट बेकर यांनी आखलेले हे स्मारक ७ ऑक्टोबर १९२७ रोजी खुले झाले. गोल आवार, दगडी जाळ्या, अशोकस्तंभाची आठवण देणारा सुमारे १५ मीटर उंच खांब, त्यावर कमळ. ईश्वर एक आहे आणि विजय त्याचाच, अशा अर्थाचे वचन तिथे इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरमुखीत आहे. ज्यांची कबर कुठे आहे हे कळले नाही अशा ४७०० हून अधिक हिंदी सैनिकांची आणि मजुरांची नावे भिंतीवर आहेत. १९६४ पासून त्यांच्या सोबतीला जर्मनीत मेलेल्या कैद्यांची नावे आली. कबर एका देशात, नाव दुसऱ्या देशात आणि घरचे तिसऱ्या देशात. तोवर हिंदुस्थानचीही फाळणी झालेली असल्यामुळे ‘घर’ म्हणजे भारत, पाकिस्तान की नेपाळ हेही नाव वाचूनच ठरवावे लागते.

न्यूव्ह शापेलच्या लोकांनाही हे दुःख ठाऊक होते. त्यांचे संपूर्ण गाव आणि चर्च तोफांनी जमीनदोस्त झाले होते. त्या उद्ध्वस्त प्रदेशात वाटेवरचा येशूचा एक क्रूस मात्र उभा राहिला, पाय आणि हात तुटलेल्या अवस्थेत. १९१८ मध्ये तिथे लढून मोठी हानी सोसलेल्या पोर्तुगालला तो १९५८ मध्ये देण्यात आला. आता तो बाताल्याच्या मठात, अज्ञात सैनिकांच्या कबरीजवळ आहे. स्मारके अशी गावे बदलतात. प्रश्न इतकाच असतो की ती नेणारा कोणी आहे की नाही.

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. १९९४ मध्ये शेवटची रशियन फौज जर्मनीतून गेली. मग कमिशनची माणसे झेरेन्सडॉर्फला पोहोचली. मैदान झाडोऱ्याने भरले होते, दगडांची मोडतोड झाली होती. जुन्या नोंदींच्या आधारे जागा निश्चित करून कबरस्तान पुन्हा उभे करण्यात आले आणि २००५ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. शिपाई ज्या धर्माचा, त्या धर्माचे वचन त्याच्या दगडावर कोरण्याची कमिशनची रीत आहे. मुसलमान सैनिकाच्या दगडावर बहुधा ‘हुवल गफूर’ असते, म्हणजे तोच क्षमा करणारा. नव्वद वर्षांनी का होईना, नाव आणि कबर पुन्हा एका जागी आली.

मशिदीच्या जागेचाही शेवट अजून झालेला नाही. २०१५ मध्ये त्या आवारात निर्वासितांसाठी निवास उभारायचा होता. त्याआधी बर्लिनच्या पुरातत्त्व अभ्यासकांनी तिथे उत्खनन केले आणि मशिदीच्या खुणा मातीतून वर आणल्या. ते वर्ष सीरियातील युद्धातून जीव वाचवून आलेल्या लाखो लोकांचे होते. बरोबर शंभर वर्षांपूर्वी ज्या मातीवर कैदी मुसलमानांची पहिली तरावीह झाली, तिथेच आसरा शोधणारे लोक येणार होते.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, झेरेन्सडॉर्फच्या कबरींशी आपल्या महाराष्ट्राचा संबंध काय? संबंध असा की त्यांना निदान नावे मिळाली. आपल्या भागातील बहुतेकांना तीही मिळालेली नाहीत. त्या काळच्या मराठा पलटणींमध्ये मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या असत, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले आणि हे लोक तुर्कांचे कैदी झाले. मुसलमान शिपाई मुसलमान सुलतानाच्या कैदेत. त्या मोहिमेतील ज्यांना कबर नाही त्यांचे स्मारक बसऱ्याला आहे. त्याच्या भिंतींवर इंग्रज सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या. हे स्मारकही सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने १९९७ मध्ये मूळ जागेवरून उचलून दूर वाळवंटात नेण्यात आले. २०२१ मध्ये कमिशनच्याच चौकशी समितीने मान्य केले की आशिया आणि आफ्रिकेतील लाखाहून अधिक मृतांची नावाने नोंद झालीच नाही, किंवा कसलीच नोंद झाली नाही. ब्रिटिश सरकारने त्याबद्दल माफी मागितली.

मुंबईत मस्जिद बंदर भागातील खलाशी गृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. बंदराचा आणि कोकणच्या मुसलमान वस्त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध पाहता ही यादी आपल्या घरातली आहे. ती वाचायला आपल्यापैकी कितीजण गेले? सातारा भागात, कोकणात कित्येक गावांच्या चावडीवर किंवा वेशीवर एक लहानशी संगमरवरी पाटी दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके लोक गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. तिथेही आकडा आहे, नाव नाही.

नाव लिहिण्याचे काम आता सरकारचे राहिलेले नाही, ते आपले आहे. कोणाच्या पेटीत पणजोबांचे पदक असेल, पेन्शनचा कागद असेल, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ‘बसऱ्याला गेलेल्या’ चुलत आजोबांचे नाव आठवत असेल. कमिशनच्या नोंदी आता संगणकावर कोणालाही पाहता येतात. पलटण आणि गाव जुळवून पाहणे हे दहावीच्या मुलांनाही जमण्यासारखे आहे. आम्ही आमच्या वर्गात ते काम सुरू केले आहे. ते करताना एकच पथ्य मुलांना सांगतो. यादीत हिंदू-मुसलमान वेगळे करायचे नाहीत आणि निष्ठावान-फितूर असा रकाना आखायचा नाही. ते कोणाच्या बाजूने मेले हे साम्राज्यांनी त्यांच्यासाठी ठरवले होते. ते कोणाचे होते, एवढेच आपल्याला सांगायचे आहे.

व्युन्सडॉर्फची मशीद पाडली गेली याचे आम्हाला फार दुःख नाही. ती ज्यासाठी बांधली होती ते काम वाईट होते. दुःख एवढेच झाले असते की तिच्यात नमाज पढणारेही तिच्याबरोबर गेले. ते गेले नाहीत, कारण कोणीतरी त्यांची यादी जपून ठेवली होती. आपल्या गावच्या पाटीवरचे आकडे अजून यादीची वाट पाहत आहेत.